डी ड्राइव्ह सेफ असतो ना? आणि लिनक्सबद्दलचे बाकीचे प्रश्न

गेल्या महिन्यात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले की जुन्या कॉम्प्युटरला विंडोज ११ जात नसेल तर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून बघा, भंगारात काय देताय. झालं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की वायफाय, फोनची मेमरी वगैरे सगळं पुढच्या महिन्यावर ढकलतेय, या वेळी फक्त लिनक्स. बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतलीच आहेत त्यामुळे नावं काढून टाकलीयत, नाहीतर लगेच सोसायटीत कळतं कोणाचा कॉम्प्युटर खटारा आहे ते.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): मी निवृत्त शिक्षक, वय ७१. डेस्कटॉप २०१५ साली असेंबल करून घेतला, आय-फाइव्ह ४४६०, रॅम ८ जीबी, विंडोज १०. सपोर्ट संपला असं स्क्रीनवर सारखं येतं. स्टेशनजवळच्या दुकानात नेला तर तो मुलगा म्हणाला, काका हा आता म्युझियमला द्या, नवीन घ्या. माझं काम मेल, बँक, यूट्यूबवर नाट्यगीतं आणि सोसायटीची पत्रं, बस. लिनक्स मला झेपेल का?

काका, तुमचं मशीन म्युझियममध्ये जायच्या लायकीचं अजिबात नाहीये, तुम्ही सांगितलेल्या कामाला ते भरपूर झालं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही, ते चालूच राहणार, फक्त सिक्युरिटीचे अपडेट येणं थांबलं. आता ज्या कॉम्प्युटरवर बँक उघडायची त्याला अपडेट नकोत असं मी तरी म्हणणार नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेटची सोय दिली, तिच्यासाठी वेगळी नोंदणी लागते, पण ती सोय म्हणजे तारीख पे तारीख, पुढे प्रश्न तिथेच.

विंडोज ११ तुमच्याकडे का जात नाही तर त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप. तुमच्या ४४६० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. (चार आकडे असतील तर पहिला आकडा बघायचा, पाच असतील तर पहिले दोन, १०४०० म्हणजे दहावी. दुकानात हे माहीत असलं की समोरचा जरा जपून बोलतो.)

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, तुमच्यासाठी मी लिनक्स मिंट सांगेन, त्यातही सिनॅमन नावाची आवृत्ती. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, म्हणजे तुम्हाला विंडोज ७ ची आठवण येईल असा चेहरा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. बँक, मेल, यूट्यूब हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं आणि फायरफॉक्स आतच येतं, क्रोमही टाकता येतं, तेव्हा तिथे काहीच बदल जाणवणार नाही. सोसायटीच्या पत्रांना लिबरऑफिस. ते वर्डच्या फाइली उघडतं, वर्डमध्ये सेव्हही करून देतं, फक्त टेबलं आणि लेटरहेडची मांडणी कधीकधी हलते म्हणून बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करून पाठवा.

पण लगेच टाकू नका! आधी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची फाइल डाउनलोड करून रूफस किंवा एचर नावाच्या छोट्या प्रोग्रामने त्यावर चढवा (पेनड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते जाणार, रिकामाच घ्या), मशीन चालू करताना बूट मेनू उघडून पेनड्राइव्ह निवडा. बूट मेनूचं बटण मदरबोर्डप्रमाणे बदलतं, एफ८, एफ११, एफ१२ यातलं एक असतं बहुतेक. आता मिंट पेनड्राइव्हवरूनच चालेल, तुमच्या डिस्कला हातही लावणार नाही. जरा हळू चालेल ते पेनड्राइव्हमुळे. आवाज येतोय का बघा, नेट लागतंय का बघा, प्रिंटर एक पान काढतोय का बघा, बँकेचं पान उघडा, एक अख्खं नाट्यगीत ऐका. शनिवार-रविवार असा काढा, पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढा आणि मशीन रीस्टार्ट करा, विंडोज जागच्या जागी.

आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर या निमित्ताने २५६ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, खूप वेगवान डिस्क) बसवून घ्या, तुमच्या मदरबोर्डला साध्या साटा जोडणीची चालते. खरं सांगू का, लोक लिनक्स किती फास्ट म्हणून कौतुक करतात त्यातलं निम्मं कौतुक एसएसडीचं असतं. शिवाय जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली की तोच बॅकअप.

प्रश्न (कोपरखैरणे): माझा सगळा डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे, सी मध्ये फक्त विंडोज. म्हणजे लिनक्स टाकताना सी जाईल पण डी सेफ असतो ना?

नाही. नाही. नाही. हे मी तीनदा लिहिलंय कारण मला कोणी एकदाही सांगितलं नव्हतं.

२०१६ ची गोष्ट. आमच्या बाबांच्या कॉम्प्युटरला सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह होते, दर दोन वर्षांनी दुकानातला मुलगा यायचा, सी फॉरमॅट करायचा आणि जाताना सांगायचा की काका महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवत जा. त्यामुळे घरात डी म्हणजे बँकेचा लॉकर. मी मिंट टाकायला बसले, सी मधला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घेतले, डी ला कशाला हात लावायचा म्हणून तो तसाच ठेवला. इन्स्टॉल करताना एका पानावर दोन पर्याय येतात, विंडोजच्या शेजारी लिनक्स टाका किंवा डिस्क पुसून लिनक्स टाका. मला विंडोज नकोच होतं म्हणून मी दुसरा निवडला, त्याने परत विचारलं, मी परत हो म्हटलं, वीस मिनिटांत छान हिरवं मिंट आलं आणि बाबांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, डी कुठाय?

डी नव्हताच. सी, डी, ई या तीन वेगळ्या डिस्क नसतात हो, बहुतेक घरी डिस्क एकच असते आणि तिचे भाग पाडलेले असतात, चाळीतल्या एका खोलीला पडदे लावून तीन बिऱ्हाडं करतात तसे. डिस्क पुसा म्हटलं की पडद्यासकट खोली रिकामी. सातबाऱ्याचे स्कॅन आम्ही परत करून घेतले, पण २००५ पासूनच्या घरखर्चाच्या एक्सेल फाइली गेल्या त्या गेल्याच. आजही गॅस सिलिंडरचा विषय निघाला की २००९ साली तो कितीला होता याचा पुरावा हिने पुसला म्हणून बाबा पाहुण्यांसमोर सांगतात.

तेव्हा सगळं, म्हणजे डी सुद्धा, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, ती दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा, मग ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मगच इन्स्टॉलला बसा. लावून ठेवलीत तर चुकून तीच निवडली जायची.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): मी घरून मराठी टायपिंग आणि डीटीपीची कामं घेते, लग्नपत्रिका, वकिलांची कागदपत्रं, सोसायट्यांचे अहवाल. पंधरा वर्षांच्या फाइली आहेत, काही कृतीदेवमध्ये, काही श्रीलिपीत, अलीकडच्या युनिकोडमध्ये. मुलगा म्हणतो आई लिनक्स टाकून देतो, सगळं फुकट. फाइली उघडतील ना?

ताई, मुलाला जरा थांबवा. त्याचा हेतू चांगला आहे पण त्याने बहुतेक आयुष्यात कृतीदेव फॉन्ट पाहिलेला नसावा.

हे नीट समजून घ्या कारण इथे लिनक्स-विंडोजपेक्षा मोठी गोष्ट आहे. युनिकोडमध्ये म चा नंबर म चाच असतो, कुठल्याही फोनवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर म च दिसणार. कृतीदेव तसा नाही. कृतीदेवमध्ये तुम्ही मराठी असं टाइप करता तेव्हा फाइलच्या पोटात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच अक्षरं पडलेली असतात, आणि फॉन्ट त्या ई च्या जागी म चं चित्र काढतो, जे च्या जागी र चं. फॉन्ट काढून घेतला की उरतं ते इंग्रजी अक्षरांचं भेंडोळं. तुमचा एखादा वकील कधीतरी फोन करून म्हणाला असेल ना, की मॅडम फाइलमध्ये चायनीज आलंय? ते हेच.

म्हणून फाइलींचे तीन ढीग करा. युनिकोडवाल्या लिनक्सवर जशाच्या तशा उघडतील, तिथे चिंता नाही. कृतीदेववाल्याही उघडतील, फक्त तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकावा लागेल, फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक केलं की इन्स्टॉलचं बटण येतं, आणि गंमत म्हणजे त्यात टायपिंगही जमेल कारण कीबोर्ड इंग्रजीच राहतो, रेमिंग्टन टाइपरायटरची सवय बोटांत असली की झालं. अडणार ते श्रीलिपीशी. त्याचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीचं आहे. पत्रिका तुम्ही कोरलड्रॉमध्ये करत असाल तर तेही लिनक्सवर येत नाही. त्याच्या जागी इंकस्केप आणि स्क्रायबस आहेत, चांगली आहेत, पण प्रेसवाला कोरलड्रॉचीच सीडीआर फाइल मागतो आणि त्याच्याशी वाद घालून पत्रिका वेळेवर मिळत नाही. सारांश असा की कामाचं मशीन विंडोजवरच राहू द्या, घरात दुसरा जुना लॅपटॉप असेल तर त्याच्यावर मुलाला काय हौस करायची ती करू दे.

पण एक काम मात्र आजपासून करा, जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं. कन्व्हर्टर मिळतात, चुका ठरलेल्या जागी होतात. कृतीदेवमध्ये दिवस लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते, द नंतर, जशी हाताने दिसते तशी. युनिकोडमध्ये द आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलटं, वर्ष मधला रफार कृतीदेवमध्ये ष च्या मागून येतो आणि युनिकोडमध्ये त्याचा र ष च्या आधी. म्हणजे कन्व्हर्टरला नुसतं अक्षर बदलून भागत नाही, जागाही बदलावी लागते, आणि जिथे वेलांटी, रफार, जोडाक्षर एकत्र येतं तिथे तो गडबडतो. निर्मिती, आर्थिक, कार्यकारिणी असले शब्द डोळ्याखालून घालाच. वकिलाच्या कागदात एक रफार इकडचा तिकडे झाला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

नवीन काम युनिकोडमध्येच घ्या. त्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, दोन-तीन आठवड्यांत हात बसतो, आणि हा कीबोर्ड विंडोजवर आणि लिनक्सवर सारखाच असल्याने उद्या कुठेही गेलात तरी बोटं तीच. तुम्हाला रोज लागणारा ऱ्या (वाऱ्यावर, दुसऱ्याचा) यात शिफ्ट धरून जे, मग डी चा पाय मोडका, मग य. हे एकदा जमलं की आयुष्यात परत र्‍या साठी युक्त्या कराव्या लागत नाहीत.

प्रश्न (वाशी): टॅक्सची छोटी प्रॅक्टिस आहे. टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन लिनक्सवर चालवता येईल का?

टॅली विंडोजसाठी बनवलेलं आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या जुगाडावर ते चालवणारे लोक आहेत, पण रिटर्न भरायच्या शेवटच्या रात्री ते रुसलं तर तुम्ही कोणाला फोन करणार? ऑफिसच्या मशीनवर नको. तिथे विंडोज ११ घेणारं नवीन मशीन घ्या, खर्चात दाखवा (हे मी तुम्हाला सांगतेय!) आणि जुनं घरी नेऊन त्यावर मिंट टाका.

प्रश्न (घणसोली): इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ च्या शेजारी उबंटू लिनक्स टाकलं, दोन्ही मस्त चालतात. पण उबंटूतून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागे. त्यामुळे एक ऑनलाइन सबमिशन हुकता हुकता राहिलं. आणि उबंटूतून डी ड्राइव्ह दिसतो, फाइली उघडतात पण सेव्ह होत नाहीत, रीड ओन्ली म्हणतं. व्हायरस असेल का?

व्हायरस नाहीये रे, दोन शेजाऱ्यांचं भांडण आहे.

घड्याळाचं असं. मदरबोर्डवर सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि स्क्रीनवर दाखवताना भारतासाठी साडेपाच तास मिळवतं. विंडोज समजतं की त्या घड्याळात लिहिलेली वेळ हीच घणसोलीची वेळ. म्हणजे दुपारी तीनला तू उबंटू बंद केलंस तर घड्याळात राहिलं सकाळचे साडेनऊ, आणि विंडोज उठून म्हणतं गुड मॉर्निंग. साडेपाच हा आकडा बघितला की कुठल्याही बिघाडात पहिला संशय याचाच घ्यायचा. उपाय सोपा, उबंटूला सांगायचं की बाबा तूही लोकल वेळच लिही. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) टाइमडेटसीटीएल ही कमांड, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, १. (देवनागरीत कमांड लिहिताना मलाच हसू येतंय पण स्पेलिंग तुला कळेल.) मग विंडोजमध्ये जाऊन सेटिंगमध्ये वेळ एकदा सिंक कर.

डी ड्राइव्हचा गुन्हेगार फास्ट स्टार्टअप. विंडोज शट डाउन केल्यावर खरं पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठता यावं, आणि झोपताना ड्राइव्हला आपली खूण लावून ठेवतं. लिनक्स ती खूण बघून शहाण्यासारखं मागे सरकतं, वाचेन पण लिहिणार नाही म्हणतं, कारण तेव्हा लिहिलं तर डेटा बिघडू शकतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअपची टिक काढ. सध्या घाई असेल तर विंडोजमधून शट डाउनऐवजी रीस्टार्ट कर आणि मग उबंटू निवड, रीस्टार्टमध्ये ते पूर्ण बंद होतं.

आणि आता बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही बघून ठेव. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा न विचारताच चालू असतं, आणि बूटच्या सेटिंगशी खेळलं की एके दिवशी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये मिळते, कागदावर लिहून ठेव, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलीत नको.

प्रश्न (ऐरोली): एवढं चांगलं आहे तर फुकट कसं? काही काळंबेरं?

शंका रास्त आहे, आपल्याला फुकट म्हटलं की आधी मागची बाजू बघायची सवय. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने याचा गाभा लिहायला घेतला आणि नंतर तो अशा लायसन्सखाली दिला की कोणीही वापरा, बदला, फक्त बदललेलं वाटताना त्याचा कोडही द्या. आज त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच लोकांना मोठ्या कंपन्या पगार देतात, उपकार म्हणून नाही, त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात म्हणून. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभा तोच. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचं स्वतःचं लिनक्स काढलं, आणि केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत. आपल्या शाळांचं काय यावर मी काही लिहीत नाही, संपादक कापतात.

प्रश्न (खारघर): अँटिव्हायरस कुठला घ्यायचा?

घरच्या मिंटला कुठलाच नको. अपडेट आला की करा आणि सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागणारा माणूस मात्र लिनक्सवरही तितकाच धोकादायक.

प्रश्न (कळवा): मिंट टाकलं, सगळं आवडलं, पण दहा वर्षं जुना लेझर प्रिंटर ओळखतच नाही. भावाकडचा एचपीचा मात्र लावल्या लावल्या चालला.

एचपीने लिनक्ससाठी एचपीलिप नावाचे ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारे प्रोग्राम) दिलेले आहेत, ते मिंटमध्ये आधीच असतात म्हणून भावाचा चालला. काही जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरना स्वतःचा मेंदूच नसतो, पान कसं छापायचं ते सगळं कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर ठरवतो, आणि तो ड्रायव्हर कंपनीने लिनक्सला धड दिला नसेल तर प्रिंटर म्हणजे नुसता खोका. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून लिनक्सचा ड्रायव्हर आहे का बघा, एक संध्याकाळ द्या त्याला, दुसरी देऊ नका. महिन्याला पाचच पानं काढत असाल तर पीडीएफ फोनवर घेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. नवीन घ्यायचाच झाला तर खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेला वायफायवाला बघा, असल्यांना बहुतेक वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

प्रश्न (वाघबीळ, ठाणे): उबंटू २४.०४ टाकलं. टर्मिनलमध्ये पासवर्ड मागतं पण कितीही दाबलं तरी काहीच टाइप होत नाही. नवीन कीबोर्ड घेतला, तरी तेच.

कीबोर्डचं बिल जपून ठेवा, परत घेतात का बघा. पासवर्ड टाइप होत असतो, दिसत नाही एवढंच, ठिपके सुद्धा येत नाहीत. न बघता पूर्ण टाइप करा आणि एंटर मारा.